एकाच चाकाचा आतला ब्रेक पॅड संपतो, बाकीचे शाबूत: कारण कसं शोधायचं?

सावकाश_सुटलो

नमस्कार मंडळी. पुढचे ब्रेक पॅड नुकतेच बदलून घेतले आणि जुने चारही मागून घरी आणले. तीन अजून चांगले जाड आहेत. पुढच्या डाव्या चाकाचा आतला तेवढा संपलाय. मागची लोखंडी प्लेट सोडून नुसता घासणारा थर मोजला तो असा:

डावीकडे आतला साधारण २ मि.मी., बाहेरचा ६. उजवीकडे आतला ६, बाहेरचा साडेसहा.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) साधंच आहे, एका पिस्टनचं. ब्रेक मारल्यावर गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही, पेडल कडक आहे, किंचाळण्याचा आवाज कधी आला नाही. डाव्या रिमवर काळी भुकटी मात्र उजवीपेक्षा जास्त साचते.

गॅरेजमध्ये विचारलं तर "होतं असं, एखादा जास्त झिजतो" एवढंच उत्तर मिळालं. तो आतला पॅड निघता निघत नव्हता, हातोडीने ठोकून काढला, नवे बसवले, गाडी माझ्या ताब्यात. नव्या पॅडची हीच गत होणार असेल तर आत्ताच कारण कळलेलं बरं. कुठून सुरुवात करू?


पानाबहाद्दर

गाईड पिन. डोळे झाकून सांगतो.

तुमच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराच्या उलट धक्क्याने अख्खं कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतं. हे सरकणं दोन पिनांवर चालतं. पिना सुकल्या की कॅलिपर जागचं हलत नाही, बाहेरच्या पॅडवर जोर पोचत नाही आणि सगळी मजुरी आतल्याच्या वाट्याला. पिना काढा, पुसा, ग्रीस लावा, विषय संपला.


उंटावरचा_शहाणा

डोळे झाकून ब्रेक तपासणारे तुम्ही पहिलेच :)
वाचतोय. चालू द्या.


मोजपट्टी

पिना असतीलही, पण इतक्यात निकाल नको. पिन जाम झाली तर झीज कुठल्याही बाजूला दिसू शकते. ब्रेक लावताना कॅलिपर सरकलं नाही तर आतला पॅड जास्त झिजतो. पण लावताना पेडलच्या जोरावर सरकलं आणि सोडल्यावर परत गेलं नाही, तर बाहेरचा पॅड डिस्कला टेकून राहतो आणि तो आधी संपतो. त्यामुळे "आतला संपला म्हणजे पिन" हे समीकरण तसं कच्चं आहे.

सावकाश_सुटलो, तुम्ही प्रत्येक पॅडला एकच आकडा दिलाय. तो कुठला, मधला? पॅड गाडीवर जसा बसतो तसा हातात धरा आणि वरचं टोक, खालचं टोक वेगळं मोजा. शक्य असेल तर डिस्कच्या कडेकडचा भाग आणि केंद्राकडचा भागही. व्हर्नियर असेल तर पट्टीने मोजू नका. आणि कुठला पॅड कुठल्या जागेचा, याची खूण केली आहे ना? एकदा चारही एकत्र झाले की मग नुसता अंदाज.


तेलकट_हात

मोजपट्टीताई बरोबर बोलल्या. आयुष्य याच धंद्यात गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. जुना पॅड हातात आला की मी आधी त्याचा आकार बघतो. जाडी किती उरली ते नंतर. झीज कशी झाली आहे त्यावरून अर्धं निदान पाना न लावता होतं.

डावं-उजवं मिळून बघा. एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच झिजलेत आणि दुसऱ्या चाकाचे दोन्ही जाड आहेत, तर एका बाजूला दाब अडकून राहतोय किंवा दुसऱ्या बाजूला पोचतच नाहीये. अशा वेळी मी रबरी होज पाइपवर डोळा ठेवतो. तो बाहेरून नवाकोरा दिसतो, पण आतून फुगलेला किंवा सोललेला असतो. पायाचा जोर मोठा, म्हणून ऑईल आत जातं. परत येताना ढकलायला जोर नसतो, म्हणून ते अडकतं. ब्रेक सोडला तरी चाक धरलेलं राहतं, थोडा वेळ गाडी उभी केली की आपोआप सुटतं.

एकाच चाकात आतला-बाहेरचा फरक असेल तर ऑईलचा संबंध कमी. दोन्ही पॅडना दाब एकाच पिस्टनकडून मिळतो. मग गडबड सरकणाऱ्या भागांत शोधायची: पिस्टन, पिना, आणि पॅड ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो ती जागा. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक मी मनावर घेत नाही. इथे चारचा आहे.

पिस्टनबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. त्याला मागे आणणारी स्प्रिंग वगैरे काही आत नसते. सिलिंडरच्या खाचेत चौकोनी काठांची रबरी रिंग असते. ब्रेक लागताना ती पिस्टनबरोबर जराशी मुरडते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला किंचित मागे खेचते. बस, एवढीच त्याची घरवापसी. पिस्टनवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून पाणी आत गेलं, पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले, की तेवढंही होत नाही आणि आतला पॅड डिस्कवर घासत राहतो.

आणि पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक झाला असेल तर ती तिसरीच कथा. आकडे आले की बोलू.


वाचनमात्र

बाळबोध प्रश्न: नवा पॅड किती जाड असतो आणि कधी बदलायचा?


मोजपट्टी

@वाचनमात्र, गाडीनुसार बदलतं. बहुतेक कारच्या पुढच्या पॅडचा नवा थर १० ते १२ मि.मी.च्या घरात असतो. ३ मि.मी.वर आला की बदलावा असं सर्वसाधारणपणे मानतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच खरा. मागची प्लेट स्वतःच पाचेक मि.मी. जाड असते, ती धरून मोजणारे खूप जण फसतात.


सावकाश_सुटलो

खुणा केल्या होत्या, नशीब. आधीचे आकडे मधोमधचे होते. आता व्हर्नियरने:

डावा आतला: वरचं टोक ३.२, खालचं टोक १.४.
डावा बाहेरचा: वर ६.१, खाली ५.९.
उजवा आतला: वर ६.२, खाली ६.०.
उजवा बाहेरचा: वर ६.५, खाली ६.४.

कडेकडे आणि केंद्राकडे फरक जाणवत नाही. कॅलिपर चाकाच्या मध्यापासून मागच्या बाजूला आहे, म्हणजे दाराच्या दिशेला. आणि आवाज करणारी ती वाकडी पत्र्याची पट्टी आतल्या पॅडच्या वरच्या टोकाला आहे. ती डिस्कला टेकलेली दिसत नाही.


मोजपट्टी

आता चित्र दिसायला लागलं.

कॅलिपर मागे असेल तर गाडी पुढे जाताना डिस्कचा तो भाग खालून वर फिरतो. म्हणजे डिस्क पॅडखाली शिरते ती खालच्या टोकाने. हे शिरण्याचं टोक थोडं जास्त झिजणं स्वाभाविक आहे, कारण घर्षणाने पॅडचं ते टोक डिस्ककडे ओढलं जातं. अनेक पिस्टनच्या कॅलिपरमध्ये यावर उपाय म्हणून शिरण्याच्या बाजूचा पिस्टन मुद्दाम लहान ठेवतात. तुमच्या बाकी तीन पॅडवर तोच कल दिसतो, ०.१ किंवा ०.२ मि.मी.चा. तो या गाडीचा स्वभाव समजा. डाव्या आतल्याचा १.८ मि.मी.चा उतार मात्र स्वभावात बसत नाही. पॅडचं खालचं टोक डिस्कपासून सुटत नाहीये.

आवाज का आला नाही त्याचंही उत्तर मिळालं. ती पट्टी साधारण २ ते ३ मि.मी. थर उरला की डिस्कला टेकून किंचाळते. तुमची पट्टी वरच्या टोकाला, तिथे ३.२ शिल्लक. खालच्या टोकाला १.४ झालं तरी तिला पत्ता नाही. अजून काही दिवस गेले असते तर लोखंडावर लोखंड आलं असतं.


पानाबहाद्दर

तिरकी झीज म्हणजे तर पिनच! दोनपैकी एक जाम, एक मोकळी. कॅलिपर सरळ सरकायच्या ऐवजी एका बाजूने तिरपं होतं आणि पॅड तिरका दाबला जातो. हे मी कैक गाड्यांत बघितलंय.

अजून एक. बऱ्याच गाड्यांत दोन्ही पिना सारख्या नसतात. एकीच्या टोकाला रबरी बुश असतो, दुसरी साधी. कुठली वर आणि कुठली खाली, हे कंपनी ठरवते. पॅड बदलताना कोणी अदलाबदल केली तर ती बुशवाली पिन नको त्या भोकात अडकते. उघडाल तेव्हा उजव्या बाजूशी ताडून बघा.


तेलकट_हात

पानाबहाद्दर, तुमचं म्हणणं खोडत नाही. पण पिनमुळे कॅलिपर तिरपं झालं तर बाहेरच्या पॅडवरही काहीतरी उतार दिसायला हवा, कारण कॅलिपरची बोटं तोच पॅड दाबतात. इथे बाहेरचा सरळ आहे. माझा संशय दुसरीकडे आहे, पण आधी सांगितलं तर हे तेवढंच बघतील. क्रमाने जाऊ.

पहिलं, उष्णता. मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवा आणि ब्रेक न दाबता हळूहळू थांबू द्या. थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही डिस्क मोजा. चकचकीत पृष्ठभागावर हे यंत्र खोटं बोलतं, म्हणून दोन्हीकडे एकाच जागी, डिस्कच्या मधल्या गंजट टोपीवर धरा. खरं तापमान किती याला महत्त्व नाही, दोन बाजूंतला फरक महत्त्वाचा. यंत्र नसेल तर हात जवळ नेऊन धग बघा. लावू नका.

दुसरं, चाक फिरवणं. सपाट जागा, मागच्या चाकांना अडसर, जॅक लावून गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर काम करू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. पेडल दाबून सोडा आणि पुढची दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. जरासं घासल्याचा आवाज चालतो. एकाला स्पष्ट जोर जास्त लागत असेल तर लगेच तिसरी परीक्षा.

तिसरी: चाक जड असतानाच कॅलिपरचा ब्लीडर (ऑईल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू) पाव आटा सैल करा. त्याला आधी पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा, चष्मा घाला. ब्रेक ऑईल रंग खातं, गाडीवर सांडू देऊ नका. ऑईलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला होता. मग होज आणि लोखंडी पाइप जोडतात तो जोड सैल करून तपासायचं: तिथे सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडर किंवा एबीएसकडे, तिथे सुटलं नाही पण ब्लीडरला सुटलं तर होज. ब्लीडर उघडूनही चाक तसंच जड राहिलं तर ऑईलला दोष देऊ नका, काहीतरी जागेवर अडकलंय.

ज्याला ब्लीडर उघडायची सवय नाही त्याने ही तिसरी परीक्षा कोणाला तरी सोबत घेऊनच करावी. हवा आत गेली तर ब्लीडिंग करावं लागेल.


उंटावरचा_शहाणा

हा "संशय आहे पण सांगणार नाही" प्रकार रहस्यकथेत ठीक आहे हो काका. इथे माणूस जॅकखाली झोपणारे.


तेलकट_हात

जॅकखाली नाही. स्टँड. :)


चौथा_गिअर

धागा भरकटवतोय, माफी असावी. माझे मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपतात. चारही चाकांना डिस्क, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक. पुढच्या ब्रेकवर जास्त भार असतो असं ऐकलं होतं, मग उलटं कसं?


मोजपट्टी

भार पुढेच जास्त असतो. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतांश काम पुढची चाकं करतात. पण म्हणूनच मागचे पॅड मुळात बारीक दिलेले असतात. शिवाय नव्या गाड्यांत पुढे-मागे किती ब्रेक लावायचा हे इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. हलक्या ब्रेकला गाडीने नाक खाली घालू नये म्हणून ते मागच्यांना बरंच काम देतं. स्थिरता राखणारी यंत्रणा आणि क्रूझ कंट्रोलही अधूनमधून स्वतः ब्रेक मारतात. त्यामुळे दोन्ही मागची चाकं सारखी झिजत असतील तर तो बहुधा दोष नाही.

एकच मागचं चाक जास्त झिजत असेल तर हँडब्रेकची यंत्रणा पूर्ण सुटते का ते बघा. केबलवाल्या गाडीत केबल आवरणात गंजून अडकते किंवा कॅलिपरवरचा दांडा परत जागेवर येत नाही.


तेलकट_हात

@चौथा_गिअर, मागचे पॅड स्वतः बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा: इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने किंवा पुस्तकात दिलेल्या पद्धतीने तो सर्व्हिस मोडमध्ये न्यायचा. केबलवाल्या बऱ्याच कॅलिपरमध्ये पिस्टन फिरवत आत घ्यावा लागतो, शिकंजा लावून दाबला तर आतली आट्यांची यंत्रणा मोडते. कॅलिपर त्या दिवशीच भंगारात.


सावकाश_सुटलो

दोन परीक्षा झाल्या, तिसरी शेजारच्या जाणकाराला बोलावून केली.

उष्णता: डावी डिस्क १३८ अंश, उजवी ८४. वाटेत ब्रेक जवळजवळ वापरला नव्हता.
फिरवणं: उजवं चाक ढकललं की एक-दीड फेरी जातं. डावं हात काढला की थांबतं.
ब्लीडर: नळीत दोन थेंब आले, चिळकांडी नाही. चाक होतं तसंच जड.

म्हणजे नवे पॅड टाकूनही तेच चालू आहे. गाडी ओढत का नाही मग?


मोजपट्टी

ओढत नाही कारण ब्रेक लागण्यात अडचण नाही, सुटण्यात आहे. पेडल दाबलं की दोन्ही बाजूंना जवळपास सारखा जोर मिळतो. सोडल्यावर डावीकडे जे घासतं ते चाक जड करण्याइतकं आहे, स्टिअरिंग खेचण्याइतकं नाही. फरक वाढला असता तर न ब्रेक मारताही गाडी डावीकडे जायला लागली असती. उलट, एखादं कॅलिपर ब्रेक धरतच नसेल तर ब्रेक मारताना गाडी चांगल्या बाजूकडे ओढते. अनेक जण इथेच उलटं समजतात आणि नेमकं धडधाकट कॅलिपर बदलतात.


तेलकट_हात

आता उघडा. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला किंवा पूर्ण काढून तारेने स्प्रिंगला बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. मग तीन गोष्टी, याच क्रमाने:

पॅड हाताने ब्रॅकेटमधून सरकतात का? हातोडी न घेता.
पिना हाताने आत-बाहेर होतात का, दोन्ही सारख्या?
पिस्टन आत ढकलताना शिकंज्याला सारखा आणि सौम्य जोर लागतो का, की मधेच अडकतो? बूटची घडी उलगडून खाली गंज किंवा ओल आहे का?

पॅड पहिला का, ते पहिल्या पोस्टमधल्या हातोडीमुळे. चांगल्या ब्रॅकेटमधला पॅड बोटांनी निघतो.


सावकाश_सुटलो

काका, दंडवत.

पिना दोन्ही मोकळ्या, रबरी बुशवाली खाली, उजवीकडेही तशीच. पिस्टन शिकंज्याने लोण्यासारखा आत गेला, बूट शाबूत, आतला भाग कोरडा आणि चकचकीत. बाहेरचा पॅड बोटांनी निघाला.

आतला पॅड हलेना. वरचा कान (पॅडचं खाचेत बसणारं टोक) थोडासा डुलत होता, खालचा ब्रॅकेटमध्ये चिणल्यासारखा. चपटा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला तेव्हा सुटला. खालच्या खाचेतली स्टीलची क्लिप काढली तर तिच्यामागे ब्रॅकेटवर गंजाचा थर होता, खवलेखवले, नखाने टोकरला तर पापुद्रे पडत होते. मधोमध जाड आणि कडेला पातळ, त्यामुळे क्लिप आतल्या बाजूला फुगीर झालेली. तिच्या फुगवट्यावर जिथे पॅडचा कान घासलाय तिथे चकाकणारी रेघ उमटली आहे. वरच्या क्लिपमागेही गंज आहे पण पावडरसारखा. आणि क्लिपा जुन्याच आहेत, पॅडबरोबर बदललेल्या नाहीत.


तेलकट_हात

हाच तो संशय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. क्लिपमागे गंज वाढला की तो क्लिपला पुढे ढकलतो, खाच अरुंद होते आणि पॅडचा कान तिच्यात आवळला जातो. पेडलचा जोर एवढा की पॅड पुढे जातोच. मागे आणायला मात्र कोणीच नाही: पिस्टन स्वतःपुरता मागे जातो, पॅड त्याला जोडलेला नसतो. चांगल्या ब्रॅकेटमध्ये डिस्कच्या बारीक लहरी पॅडला मागे सरकवतात. इथे खालचा कान आवळलेला, वरचा मोकळा. एका बाजूनेच ओढलेला खण जसा तिरका होऊन अडकतो तसा पॅड अडकला आणि खालचं टोक झिजत गेलं. दमट हवेत, समुद्रकाठी आणि बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे हा प्रकार फार.

आता काय करायचं. दोन्ही ब्रॅकेट काढा, क्लिपा उतरवा. खाचा तारेच्या ब्रशने आणि बारीक कानशीने स्वच्छ करा, नुसता गंज जाईपर्यंत. मूळ लोखंड खाऊ नका, नाहीतर पॅड सैल बसून खडखडेल. काही जण ब्रॅकेट तसंच ठेवून पॅडचे कान घासतात. तसं करू नका, गंज वाढायचा थांबत नाही आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. नव्या क्लिपा टाका, त्या पॅडच्या संचात येतात किंवा वेगळ्या मिळतात. धूळ फुंकर किंवा हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने धुवा. ती छातीत जायची गोष्ट नाही.


पानाबहाद्दर

चला, पिना सुटल्या. तरी उघडलंच आहे तर त्यांनाही नवं ग्रीस द्या, आणि ते ब्रेकचंच, सिलिकॉन किंवा सिंथेटिक. बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस वापरलं की पिनांचे रबरी बूट आणि बुश फुगतात आणि आज मोकळी असलेली पिन उद्या जाम होते. भोक ठासून भरू नका. आतली हवा आणि ग्रीस कुठे जाणार? पिन दाबली की परत बाहेर येते, म्हणजे कॅलिपर सरकायलाच तयार नाही. पातळ थर पुरे.

क्लिप आणि पॅडचे कान जिथे भेटतात तिथे अगदी बोटाने पुसल्यासारखं लावा. घासणाऱ्या थरावर किंवा डिस्कवर लागलं तर पॅड गेला समजा.


वाचनमात्र

क्लिपमागे, म्हणजे गंज होता तिथे, ग्रीस लावायचं का?


तेलकट_हात

मी लावतो, पुसल्या न पुसल्यासारखं, ओल आत शिरू नये म्हणून. काही कंपन्या तिथे काहीही लावू नका म्हणतात. ज्या गाडीच्या पुस्तकात तसं लिहिलंय तिथे पुस्तक ऐकायचं.


सावकाश_सुटलो

काम झालं. डावं ब्रॅकेट साफ करायला सगळ्यात जास्त वेळ गेला, उजवं तुलनेने स्वच्छ होतं पण त्याच्याही क्लिपा बदलल्या. आता चारही पॅड खाचेत एका बोटाने सरकतात, वाकडे होत नाहीत. पेडल कडक होईपर्यंत पंप केलं, मगच गाडी हलवली. तोच रस्ता, तीच पद्धत: डावी ८७, उजवी ८३.

नवे पॅड काढले तेव्हा डाव्या आतल्याच्या खालच्या टोकाला किंचित काळपट चकाकी दिसली, उतार व्हर्नियरला सापडण्याएवढा नाही. तेच परत बसवले. डिस्कचं काय? डाव्या डिस्कच्या आतल्या बाजूला नख अडकेल अशा दोन रेघा आहेत.


मोजपट्टी

रेघांपेक्षा जाडी आधी. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेला कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने घासणाऱ्या पट्ट्यात चार-सहा जागी मोजा. साध्या व्हर्नियरचे जबडे कडेच्या न झिजलेल्या काठावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. एकाच डिस्कवर जागोजागी वेगळा आकडा आला तर पुढे पेडल थरथरेल, मग डिस्क बदलायची, आणि बदलायची तर दोन्ही बाजूंची. आकडा किमान जाडीच्या वर आणि सगळीकडे सारखा असेल तर दोन बारीक रेघांनी काही बिघडत नाही.

नव्या पॅडना सुरुवातीला मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हळूहळू ब्रेक लावत, मधे थंड होऊ देत बसवून घ्या. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून गाडी उभी ठेवू नका. आणि पुढे टायरांची अदलाबदल कराल तेव्हा चाक उतरलेलं असताना टॉर्च घेऊन कॅलिपरच्या मागून आतला पॅड बघा, वर आणि खाली दोन्हीकडे. रिमच्या फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा.


सावकाश_सुटलो

मायक्रोमीटर मिळवला. डावी डिस्क किमान जाडीपेक्षा १.६ मि.मी. वर, सगळ्या जागी ०.०१ च्या आत सारखी. राहू दिली.


उंटावरचा_शहाणा

वाचनखूण साठवली. माझ्याही उजव्या रिमवर जरा जास्तच भुकटी दिसते हल्ली. स्टँड कुठल्या वजनाचे घ्यावेत?


तेलकट_हात

वजन गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तकात सापडेल. जोडीवर लिहिलेलं वजन बऱ्याचदा दोघांचं मिळून असतं, ते नीट वाचून घ्या. दोन स्टँड, रुंद बुडाचे, आणि टेकवायची जागा पुस्तकात दाखवलेलीच.